दोन तान्ही, एक बाई : पगाराचा हिशेब कसा मांडावा?

बडोद्यातील आपल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. सून नोकरी करते, मुलगा नोकरी करतो, घरात तान्हे बाळ आहे. कधी जुळी असतात. कधी दोन भावांची दोन बाळे एकाच छताखाली वाढत असतात. कधी एकाच सोसायटीतील दोन-तीन कुटुंबे मिळून एकच बाई ठेवायचे ठरवतात. मग विचारणा होते, की एका बाळाला सांभाळायचे अमुक देतात, तर दोघांचे किती द्यायचे? तिघांचे किती? दुप्पट, तिप्पट, की बाई एकच म्हणून पगारही एकच?

आम्ही ओळखीच्या घरांत विचारपूस केली, तेव्हा एकच आकडा दोनदा ऐकू आला नाही. मांजलपूरला एक दर, वासणा रोडला दुसरा, दांडिया बाजारात तिसरा. "बाजूचे देतात तेवढे देतो" हे उत्तर मात्र सगळीकडे समान. बाजूचे कशावरून देतात हे कोणी विचारत नाही. बँकेत आमची सारी नोकरी आकड्यांमागचा आधार विचारण्यात गेली. कर्जाच्या अर्जावर नुसता आकडा असला की आम्ही तो परत पाठवत असू. तोच नियम येथे लावून पाहू.

कायदा काय सांगतो?

घरकाम करणाऱ्यांसाठी देशात आजही स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली आणि असा कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा करार २०११ मध्ये मंजूर केला, परंतु भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांमुळे कारखाने, दुकाने, कार्यालये यांचे नियम बदलले, पण आपल्या स्वयंपाकघरात आणि पाळण्यापाशी काम करणाऱ्या बाईचा पगार अजून आपल्या मर्जीवरच चालतो. कर्नाटक, केरळ, राजस्थान, तामिळनाडू अशा काही राज्यांनी घरकामासाठी किमान वेतन ठरवले आहे. म्हणजे ते ठरवता येत नाही असे नाही.

गुजरातेत आपल्याला आधार घेता येईल तो राज्याच्या सर्वसाधारण किमान वेतनाचा. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने हे दर वाढवले. महापालिका क्षेत्रात अकुशल कामगाराचा मूळ दर दिवसाला ४५२ रुपये आणि कुशल कामगाराचा ४७४ रुपये झाला. महिन्याचे २६ दिवस धरले तर अनुक्रमे ११,७५२ आणि १२,३२४ रुपये होतात. त्यावर महागाईनुसार विशेष भत्ता मिळतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो. हे सारे ८ तासांच्या दिवसाचे.

तान्हे बाळ सांभाळणे कुशल काम की अकुशल? आपल्यापैकी ज्यांनी सहा महिन्यांच्या बाळाला आंघोळ घातली आहे, ते उत्तर देतील. ताप ओळखणे, दूध पाजून ढेकर काढणे, खिमट किती पातळ हवे हे कळणे, रडण्याचे चार प्रकार वेगळे करणे, रांगत्या बाळाच्या हाताशी काय नको हे आधीच हेरणे, ही कुसर नाही तर काय? शिवाय सरकारी दरात कुशल आणि अकुशल यांच्यात दिवसाचा फरक अवघा २२ रुपयांचा आहे. त्यासाठी वाद घालण्यात अर्थ नाही. आम्ही कुशल दर धरतो.

४७४ भागिले ८ म्हणजे तासाला ५९ रुपये २५ पैसे. आता आपल्या घरातील दिवस ८ तासांचा नसतो. सून ९ ला निघते, ७ ला येते. १० तास झाले. १० तासांचे ५९२ रुपये ५० पैसे, २६ दिवसांचे १५,४०५ रुपये. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. तो नियम येथे लावला तर आकडा १८,४८६ वर जातो. आम्ही साधा दर धरला, तरी त्यात विशेष भत्ता मिळवायचाच राहिला आहे. म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी एका तान्ह्या बाळासाठी, १० तास, आठवड्याला एक सुट्टी, असा १६,००० रुपयांचा पाया धरू. प्रत्यक्ष ठरवताना त्या सहामाहीचा भत्ता पाहून हा पाया वर न्यावा. खाली आणू नये.

दुसरे बाळ आले की काय बदलते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. येथे लोक दोन टोकांना जातात. एक बाजू म्हणते, बाई तेवढाच वेळ घरात असते, मग पगार तेवढाच. दुसरी म्हणते, माणशी दर, म्हणून दोघांचे दुप्पट. पहिल्यात बाईवर अन्याय आहे. दुसरे उदार वाटते, पण ते पेलत नाही म्हणून लोक मूळ दरच अर्ध्यावर आणतात आणि मग दुप्पट देतात. वजनात मारून भावात सूट देण्यातला प्रकार.

आम्ही असे सुचवतो, की बाईच्या दिवसाचे दोन भाग करा. एक भाग राखणीचा. बाळ झोपले आहे, खेळते आहे, बाई जवळ आहे, कान उघडे आहेत. दुसरा भाग हाताने करायच्या कामाचा. पाजणे, भरवणे, शी-शू, आंघोळ, मालिश, जोजवणे, कडेवर घेऊन फिरणे, दुपटी धुणे. दीड वर्षाच्या आतील बाळाच्या बाबतीत हे दोन भाग साधारण निम्मे-निम्मे होतात. दहा तासांत पाच तास हात गुंतलेले. हा अनुभवावरून काढलेला ठोकताळा आहे. ज्या घरांत बाळ आहे त्यांनी एक दिवस घड्याळ लावून पाहावे.

दुसरे तान्हे आले की राखण वाढत नाही. एका कानाने दोघांचा आवाज ऐकू येतो. पण हातचे काम दुप्पट होते, म्हणजे दिवसाचा आणखी अर्धा भाग वाढतो. म्हणून पगार दीडपट. १६,००० चे २४,०००.

दोन कुटुंबांनी मिळून बाई ठेवली तर प्रत्येकी १२,००० रुपये येतात. प्रत्येक घराचे ४,००० वाचतात आणि बाईला ८,००० जास्त मिळतात. वाटून घेण्यात तिघांचाही फायदा झाला पाहिजे. "आम्ही दोघे मिळून ठेवतोय, म्हणून ८-८ हजारच देऊ" असे म्हणणाऱ्यांनी सगळा फायदा आपल्याकडे ठेवून वाढलेले काम बाईच्या अंगावर टाकलेले असते.

आता तिसरे तान्हे. त्याच रीतीने पाया १६,०००, दुसऱ्याचे ८,०००, तिसऱ्याचे ८,०००, एकूण ३२,०००. आणि दोन बायका ठेवल्या तर? १६ आणि १६, तेही ३२,०००. म्हणजे तिसऱ्या बाळापाशी रास्त हिशेबाने एका बाईचा खर्च आणि दोन बायकांचा खर्च एकच होतो. मग एकीच्याच गळ्यात तिघे घालण्याचे कारण उरत नाही. तरीही कोणी तसे करत असेल, तर ते स्वस्त पडते ते बाईला कमी दिल्यामुळेच. काटकसरीचे त्यात काही नाही.

वेळेचा हिशेबही हेच सांगतो. एका तान्ह्यासाठी निम्मा दिवस हात गुंतलेले, दोघांसाठी पूर्ण दिवस, तिघांसाठी दीड दिवस. एका दिवसात दीड दिवसाचे काम बसत नाही. ते बसवले की काहीतरी गळते. दुपटे ओले राहते, दुधाची बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात दिली जाते, मोबाइलवर गाणी लावून बाळ समोर बसवले जाते. बाई वाईट नसते. तिला दोनच हात असतात. जिन्यात धूर झाला तर दोन हातांत दोन बाळे घेऊन उतरता येते. तिसऱ्याचे काय?

थोडी मोठी मुले असतील तर

वय वाढते तसे हातचे काम कमी होते. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला आम्ही दिवसाचा तिसरा हिस्सा धरतो, तिनाच्या पुढच्याला चौथा. नियम दोनच. सगळ्या मुलांच्या हिश्शांची बेरीज एकाच्या वर जाऊ नये. आणि सर्वांत लहान मुलासाठी पूर्ण पाया देऊन, बाकीच्या प्रत्येकाचा हिस्सा पायावर चढवावा.

एक तान्हे आणि एक दोन वर्षांचे असेल तर अर्धा आणि तिसरा हिस्सा मिळून बेरीज एकाच्या आत बसते. पगार १६,००० अधिक त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे २१,३०० रुपये. एक तान्हे आणि दोन मुले तीन-चार वर्षांची असतील तर अर्धा, पाव, पाव अशी बेरीज बरोबर एक. पगार २४,०००. दोन तान्ही आणि एक चार वर्षांचा दादा असेल तर बेरीज सव्वा होते. तेथे दादाला बालवाडीत घाला किंवा दुपारी काही तास आणखी एक हात मदतीला घ्या.

हा ठोकताळा आम्ही बाहेरच्या एका नियमाशी ताडून पाहिला. आपल्यापैकी अनेकांची मुले इंग्लंडमध्ये आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. तेथे स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीला एका वेळी पाच वर्षांखालील साधारण तीनच मुले ठेवता येतात आणि त्यांतले वर्षाच्या आतले एकच. अर्धा, पाव, पाव. संस्थांच्या पाळणाघरांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती लागते, पण तेथे मदतीला शेजारी दुसरी माणसे असतात आणि स्वयंपाक-सफाई वेगळे लोक करतात. आपल्याकडची बाई घरात एकटी असते, आणि बाळ झोपले की "तेवढी भांडी घासून टाक" असेही सांगितले जाते.

ही भांड्यांची गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. राखणीचा वेळ हा रिकामा वेळ नव्हे. त्या वेळेतच ती श्वास घेते, जेवते. बाळांचे कपडे, बाळांची भांडी, बाळांचे अन्न हे तिचे काम. घराची लादी आणि मोठ्यांच्या पोळ्या हे दुसरे काम आहे आणि त्याचा पगार वेगळा. दोन तान्ही असतील तर ते काम तिला सांगूच नये.

परवडत नसेल तर?

येथे वाचक म्हणतील, आकडे कागदावर छान आहेत, पण सुनेचा पगारच ३० हजार. त्यातले २४ गेले तर हाती उरले ६. त्यापेक्षा तिने घरीच राहावे.

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. पण तो मांडला जातो त्यातच एक गफलत आहे. बाळे दोघांची आहेत, तर बाईचा पगार फक्त आईच्या पगारातून का वजा होतो? घराचा हप्ता आपण कधी एकट्या सुनेच्या खात्यातून वजा करून पाहतो का? भारत सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ दिवसाला १४० मिनिटे आणि पुरुषांचा ७४. वेळेच्या खात्यात ही तूट आहेच. निदान पैशाच्या खात्यात तरी ती चालवू नये.

दुसरे असे, की नोकरी सोडण्याचा खर्च त्या महिन्याच्या पगारापुरता नसतो. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा थांबतो, वेतनवाढी हुकतात आणि तीन वर्षांनी परत उभे राहताना खालच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते. आम्ही बँकेत अशा किती तरी हुशार मुली जाताना पाहिल्या, ज्या परत आल्या नाहीत. बाईला दिलेला पगार हा तीन वर्षांचा खर्च आहे. सुटलेली नोकरी पंचवीस वर्षांचा.

तिसरे, पैसे कमी असतील तर तास कमी करावेत, दर कमी करू नये. आजी-आजोबा घरात असतील तर सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक तास आपण घ्यावा, बाईला सात तासांवर आणावे. दोन तान्ह्यांचे १० तासांचे २४,००० होतात, तर ७ तासांचे १६,८००. हा प्रामाणिक मार्ग आहे. मात्र आजी-आजोबांनाही वय असते. गुडघे दुखत असताना दोन रांगत्या मुलांमागे धावणे साठी-सत्तरीत झेपत नाही. आम्ही ज्या पिढीतून बोलतो तिने हे स्पष्ट सांगायला हवे. नातवंडांवर माया आहे म्हणून आपण दुसऱ्या बाईची जागा भरून काढू शकत नाही.

आणि एक वाट पूर्ण बंद आहे. "बाळाशी खेळायला गावाकडची बारा-तेरा वर्षांची मुलगी आणू, जेवण-कपडे देऊ" असे अजूनही कोणी सुचवते. घरकामात १४ वर्षांखालील मूल ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या दोन नातवंडांसाठी दुसऱ्याच्या मुलीची शाळा मोडायची हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

तिच्या घरी कोण आहे?

आपण ज्यांना मावशी किंवा बेन म्हणतो, त्यांच्या घरीही बहुधा लहान मूल असते. ती सकाळी ८ ला निघते, तेव्हा ते कोणापाशी असते? बऱ्याचदा थोरल्या बहिणीपाशी. तारीख पडली की पगार होतो, पण त्या थोरलीची हजेरी कोणी पाहत नाही.

आपल्या मराठी आणि गुजराती अशा दोन्ही घरांना जवळच्या असलेल्या एका बाईंनी हे फार आधी ओळखले होते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामात होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुली शाळेत का येत नाहीत, तर धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून. यावर त्यांनी उपाय काढला तो पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणण्याचा. विकासवाडी असे त्याचे नाव. धाकट्याची सोय झाली की थोरलीची शाळा सुरू होते, हे सूत्र आजही बदललेले नाही.

अहमदाबादेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतून 'संगिनी' ही बालसंगोपन करणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. कष्टकरी आयांच्या कामाच्या वेळा धरून तेथे तान्ही मुले सांभाळली जातात. सरकारी पातळीवर 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी देशभरात १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघरे जोडण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, २५ पर्यंत मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, असा तिचा साचा. वर मांडलेल्या हिशेबाने पाहिले तर दोन स्त्रियांच्या मानाने ही संख्या फार जड आहे, पण काहीच नसण्यापेक्षा ही सोय मोलाची. आपल्याकडे काम करणाऱ्या बेनच्या वस्तीत असे घोडियाघर आहे का, याची चौकशी आपण करून दिली तरी तिच्या घरी मोठा फरक पडतो.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असे २०१७ पासून कायदा सांगतो, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देण्याचीही त्यात तरतूद आहे. पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे. जुळी झाली तरी २६च. सहा महिन्यांनी रजा संपते आणि बालवाडी तिसऱ्या वर्षी सुरू होते. मधली अडीच वर्षे कोणाच्या जिवावर निघतात, याचे उत्तर आज बहुतेक घरांत 'बाईच्या' हेच आहे. आपल्या मुला-सुनांच्या कार्यालयांत ही सोय आहे का, आणि नसल्यास त्यांनी एकत्र येऊन विचारले आहे का, हेही आपण घरात विचारावे.

ठरवताना कागदावर काय असावे

बँकेच्या सवयीने आम्ही सांगतो, की पहिल्या दिवशीच एक पान लिहावे आणि त्याची एक प्रत तिला द्यावी. तिला मराठी किंवा गुजराती जे वाचता येत असेल त्या भाषेत. त्यात पुढील गोष्टी याव्यात.

मुले किती आणि त्यांची वये. पाहुण्यांची किंवा नणंदेची मुले चार दिवस आली तर त्या दिवसांचे जादा किती. कामाची वेळ आणि ती टळली तर तासाला किती. संध्याकाळी लग्नाला किंवा नवरात्रात गरब्याला जाताना तेवढ्यापुरते कोणी बोलवायचे असेल, तर एका तान्ह्याचे तासाला १०० आणि दोघांचे १५० रुपये, किमान तीन तासांचे पैसे, आणि रात्री ९ नंतर घरी पोहोचवण्याची किंवा रिक्षाची जबाबदारी आपली. रात्री मुक्कामाला ठेवले आणि बाळासाठी उठावे लागले तर तो वेळ कामाचाच धरावा.

आठवड्याची सुट्टी, वर्षाला किमान १५ पगारी रजा आणि आजारपणाची सवलत. आजारी बाईला तान्ह्यांपाशी बोलावणे कोणाच्याच हिताचे नाही, आणि पगार कापला जाणार असेल तर ती ताप अंगावर काढून येणारच. आपण गावाला गेलो तर तिचा पगार चालू राहील हेही लिहावे. दिवाळीला एक पगार बोनस आणि दर एप्रिलला वाढ. एजन्सीतून बाई घेतली असेल तर एजन्सीचा हिस्सा किती आणि तिच्या हातात किती पडतात, हे तिच्यासमोर विचारून घ्यावे.

पगार खात्यात जमा करावा. तिच्या नावावरचे पासबुक तिच्याजवळ असावे. खाते असले की प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि प्रधानमंत्री जीवनज्योती विमा ४३६ रुपयांत मिळतो. दोन्हींत संरक्षण २ लाखांचे. पहिल्यासाठी वय १८ ते ७०, दुसऱ्यासाठी १८ ते ५०. दोन्ही मिळून वर्षाचे ४५६ रुपये. एवढे तरी आपण भरावेत. वय चाळिशीच्या आत असेल तर अटल पेन्शनचा विचार करता येतो. ई-श्रम पोर्टलवर तिची नोंद करायला आधार, मोबाइल आणि अर्धा तास लागतो. निवृत्तांपाशी अर्धा तास असतोच.

'आया' हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि आपल्या घरांत मुरला. 'मावशी' हा आपला. शब्द कोणताही वापरा, नाते जोडले म्हणून पगार कमी होत नाही. उलट घरातली म्हणायचे आणि बाजारभावापेक्षा कमी द्यायचे, हे तिला आपल्याआधी कळते.

मंडळासाठी एक सूचना

घरोघरी जुळवाजुळव करण्यापेक्षा एकत्र करण्याजोगे काही आहे का? आपल्यासारख्या मंडळांचे सभागृह सोमवार ते शुक्रवार दिवसभर बंद असते. नाटकाच्या तालमी आणि हळदीकुंकू संध्याकाळी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानव विकास विभागाची चेतन बालवाडी आपल्याच शहरात आहे, म्हणजे बालसंगोपन शिकलेल्या मुली येथे तयार होतात. अशा एखाद्या प्रशिक्षित मुलीच्या देखरेखीखाली आठ मुले आणि चार बायका अशी छोटी सुरुवात करता येईल.

आकडे मांडू. आठपैकी चार तान्ही आणि चार अडीच-तीन वर्षांची. हिस्से चार अर्धे आणि चार तिसरे, बेरीज तीन आणि एक तृतीयांश. म्हणून चार बायका. प्रत्येकीकडे एक तान्हे आणि एक मोठे, पगार २१,३००, एकूण ८५,२००. देखरेख करणाऱ्या मुलीला २५,०००, आणि वीज, सफाई, औषधपेटी यांना १०,०००. बेरीज १,२०,२००. आठ घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे १५,००० रुपये, म्हणजे घरी एकटी बाई ठेवण्यापेक्षा थोडे कमीच. बाई आजारी पडली तर त्या दिवशी पर्याय आहे, आणि बाळापाशी एकाऐवजी पाच जणींचे डोळे आहेत. त्यात दोन जागा सभागृहातच काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ठेवल्या, तर सहा घरांना प्रत्येकी २०,००० च्या आसपास पडतील. ते जड वाटले तर फरक मंडळाच्या निधीतून आणि देणगीतून भरता येईल का, हे कार्यकारिणीने पाहावे. परवाने, अग्निसुरक्षा, स्वच्छतागृह यांची तपासणी आधी व्हावी लागेल आणि त्याला वेळ लागेल.

येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा असे आम्ही लेखी कळवले आहे. तोपर्यंत ज्या घरांत बाई कामाला आहे त्यांनी वरच्या रीतीने आपला आकडा एकदा काढून पाहावा. तो आज देतो त्यापेक्षा जास्त निघाला, तर पुढच्या पहिल्या तारखेपासून तो फरक तिच्या खात्यात जमा करावा.